हिरव्या रंगासाठी जांभळे ऑईल

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो, आणि माझ्यात चहाच्या एका कपाइतकेही काही मावत नाही. एका जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या पायांच्या समोर मला बसवले आहे. तुम्ही ही गाडी बघायला आलात तर मला बघणार नाही. तुम्ही तिचा हिरवा रंग बघाल, तारांची चाके बघाल, लाकडी स्टीअरिंगला हात लावाल आणि फोटो काढाल. मग बॉनेट बंद होईल. माझी तक्रार नाही. फक्त नोंद करून ठेवतो की ही गाडी पळत असेल कोणामुळेही, थांबते ती माझ्यामुळे.

माझ्यात ब्रेक ऑईल असते. पेडल दाबले की माझ्याखालचा दट्ट्या ते बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलतो आणि तिथले ब्रेक लागतात. सगळी करामत एवढ्यावर उभी आहे की द्रव कितीही दाबला तरी आक्रसत नाही. वाफ मात्र आक्रसते. नळीत वाफ झाली की पेडल जमिनीपर्यंत जाते आणि चाकांना काहीच कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या शेजारी माझ्यासारखाच दुसरा डबा आहे. तो क्लचचा. आम्ही जुळे भाऊ. त्याच्यामुळे गिअर बदलता येतो. आम्हा दोघांना एकच पिवळसर ऑईल लागते, आणि ते कोणते हे आम्हाला घडवणाऱ्यांनी आमच्या झाकणांवर उठावाच्या अक्षरांत लिहून ठेवले होते. हल्लीच्या गाड्यांत ब्रेकची सोय दोन भागांत विभागलेली असते. एक भाग निकामी झाला तरी दुसरा उरतो. माझ्या काळी तशी रीत नव्हती. मी गेलो की सगळेच गेले.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात, साठच्या दशकातला. जहाजाने मुंबईला आलो. पहिला मालक एक परदेशी अभियंता होता. अत्यंत कंटाळवाणा माणूस. तो गाडी फारशी धूत नसे, पण माझे ऑईल ठरल्या वेळी उपसून नवे भरत असे, आणि झाकण उघडण्याआधी फडक्याने पुसत असे. त्याचे कौतुक कोणी केले नाही. त्याचा अपघातही झाला नाही. दुसरे मालक या शहरातले डॉक्टर. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. त्यांना म्हैसमाळला वेगाने जायची हौस होती आणि ब्रेकविषयी त्यांचे मत असे की ते देवाने दिलेलेच असतात. ते गेल्यावर गाडी लासूर स्टेशनच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये गेली. तिथे कापसाची धूळ आणि कबुतरे यांच्यात आमची बरीच वर्षे गेली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. कोणी आमची काळजी घेतली नाही, पण घेतल्याचे नाटकही केले नाही. त्या दृष्टीने तो बरा काळ होता.

मग राजेंद्र आले.

राजेंद्र हे मूळचे गंगापूर तालुक्यातले. गावी ऊस आणि कापूस आहे, वडील कडुबा तिथेच राहून तो बघतात. राजेंद्रांचा वाळूजला कारखाना आहे. बाटल्यांची आणि डब्यांची प्लास्टिकची झाकणे बनवतात. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्याची रोजीरोटी झाकणांवर चालते त्या माणसाने माझ्या झाकणाचे काय केले ते आता ऐका. त्यांनी आम्हा दोघांची झाकणे मुलामा द्यायला पाठवली. कारागीर म्हणाला, अक्षरे वर आली आहेत, चमक सलग येणार नाही. राजेंद्रांनी अक्षरे घासून टाकायला लावली. झाकणे आरशासारखी होऊन परत आली. त्यांत राजेंद्रांना स्वतःचा चेहरा दिसू लागला आणि ते खूश झाले. माझ्या भावाच्या झाकणाच्या आट्यांत मुलामा इतका भरला होता की ते एकदा लावल्यावर परत उघडेनाच. पकड लावली तर ओरखडा येईल, म्हणून राजेंद्रांनी त्याला कोणाला हात लावू दिला नाही.

गाडीचा रंग मात्र आठवड्याला तपासला जाई. हिरवा, गडद, सात हात दिलेला. राजेंद्र त्यावर बोट ठेवत नसत, फडके ठेवत. त्यांच्या खिशात एक पिवळे मऊ फडके कायम असे. जुन्या गाड्यांचे एक मंडळ आहे, त्याच्या परीक्षकांकडून उत्कृष्ट गाडीचा मान मिळवायचा, एवढे एकच स्वप्न त्यांनी पन्नाशीत जमवले होते. हे मंडळ दसऱ्यानंतरच्या रविवारी शहरातून दौलताबादचा घाट चढून वेरूळपर्यंत रॅली काढते.

ऑईलची भानगड एका थेंबातून सुरू झाली. रोशन गेटकडे मजीदभाईंचे गॅरेज आहे. ते माझ्यात पिवळे ऑईल भरत असताना एक थेंब काठावरून उतरून बॉनेटखालच्या हिरव्या कडेवर पडला. हे ऑईल रंग खाते. ताबडतोब पाणी टाकून धुतले तर काही होत नाही. मजीदभाई तेव्हा फोनवर बोलत होते. संध्याकाळपर्यंत तिथे नखाएवढा फोड आला.

“हे काय झालं?” राजेंद्र म्हणाले.

“थेंब पडला, शेठ. लगेच पाणी मारायचं राहून गेलं.”

“राहून गेलं? सात हात दिलेत या रंगाला, मजीदभाई.”

“आठवा मी देतो ना.”

“तुम्ही काही देऊ नका. असं ऑईलच नको मला.” राजेंद्रांनी फोन काढला. “हे बघा. सिलिकॉनचं येतं, जांभळं. रंगावर अख्खा डबा सांडला तरी काही होत नाही. मंडळातले निम्मे लोक हेच वापरतात.”

मजीदभाईंनी फोन हातात घेऊन लांब धरला, मग जवळ धरला. “मालूम है. पण शेठ, याच्या पोटात इतकी वर्षं पिवळंच आहे. जांभळं घालायचं तर सगळ्या नळ्या खोलून धुवा, आतले रबर सगळे नवे टाका. वरून वरून बदलून चालत नाही. दोघांचं आपसात जमत नाही.”

“किती दिवस?”

“दसऱ्यानंतर देतो आरामात.”

“रॅली दसऱ्यानंतर आहे. डबा रिकामा करा, पुसा, जांभळं भरा. बाकी नंतर बघू.”

“पेडल नरम लागंल.”

“नरम चालेल. डाग नाही चालणार.”

मजीदभाईंनी कान खाजवला. त्यांना पुढे काय होऊ शकते ते चांगले ठाऊक होते. त्यांच्या तोंडावर ते आलेही. मग म्हणाले, “गाडी तुमची आहे, शेठ.”

या वाक्याबद्दल माझे मत वाईट आहे. ज्याला कळत नाही तो चुकतो, ते समजू शकतो. पण ज्याला कळते तो हे वाक्य म्हणून हात पुसतो, आणि वर त्याला गिऱ्हाइकाचा मान राखला असे वाटते. या शहरात वाया गेलेली बहुतेक यंत्रे उघडली तर तळाशी हेच वाक्य सापडेल.

जांभळ्या ऑईलवर माझा राग नाही. धुतलेल्या नळ्यांत, नव्या रबरांत ते इमाने काम करते म्हणतात. ते रंग खात नाही, आणि पाणी पोटात घेत नाही. पिवळे ऑईल हवेतले पाणी शोषते आणि सगळीकडे सारखे वाटून टाकते. त्यामुळे ते हळूहळू कमजोर होते आणि एक-दोन वर्षांनी फेकून द्यावे लागते. जांभळ्याला हा त्रास नाही, असे राजेंद्र लोकांना मोठ्या अभिमानाने सांगत. पण पाणी आत गेलेच तर ते जाईल कुठे, हे त्यांना कोणी विचारले नाही. ते खाली जाते. ऑईलमध्ये न मिसळता, पाण्याचे पाणी राहून, सगळ्यांत खोल जागी जाऊन बसते. सगळ्यांत खोल जागा म्हणजे चाकांजवळचे ब्रेक. सगळ्यांत जास्त तापते ती जागाही तीच.

आणि पाणी आले. ते कुठून आले, हे तुम्ही ओळखू शकणार नाही.

खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा सगळेच करतात. राजेंद्रांच्या घराची त्यात एक स्वतःची रीत आहे. कडुबांनी तरुणपणी विहिरीवर पहिले ऑईल इंजिन बसवले, तेव्हा कायगाव टोक्याहून तांब्याभर गोदावरीचे पाणी आणून त्यांनी त्याच्या पाण्याच्या हौदात पळीभर घातले. त्या वर्षी विहीर आटली नाही. तेव्हापासून खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक यंत्राच्या तोंडात गोदेचे पळीभर पाणी जाते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये जाते, फवारणीच्या पंपात जाते, घरच्या कूलरमध्येही जाते. आजवर कोणाचे काही बिघडले नाही, कारण ती सगळी पाणी पिणारीच यंत्रे होती.

त्या सकाळी गाडी राजेंद्रांच्या बंगल्याच्या अंगणात उभी होती. मजीदभाई माझी पातळी बघायला आले होते. त्यांनी झाकण काढले, मला थोडे ऑईल पाजले, आणि आतून चहाची हाक आली तसे मला उघडा टाकून गेले. उघडा. खंडेनवमीच्या दिवशी, फुलांच्या पाकळ्या उडत असताना. राजेंद्र झेंडूच्या हाराच्या दोऱ्याने रंगावर चरा पडू नये म्हणून हाराखाली फडके ठेवत होते. कडुबा तांब्या आणि पळी घेऊन बॉनेटशी आले.

“राजा, ह्याचं तोंड कुठंय?”

“पुढंच आहे बघा, आबा. उघडंच असेल,” राजेंद्र म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या मनात रेडिएटर होता. कडुबांना समोर एकच उघडे तोंड दिसले.

“लई बारीक तोंड केलंय रं ह्या साहेबानं,” कडुबा पुटपुटले आणि त्यांनी पळी माझ्यात ओतली. अगदी काळजीपूर्वक, एक थेंब बाहेर सांडू न देता. मग ते माझ्या भावाकडे वळले. “आन ह्यो उघडंना.”

“त्याला राहू द्या, आबा. मुलामा निघेल.”

अशा रीतीने मुलाम्याने माझा भाऊ वाचला. त्याच्या पोटात जुने पिवळे ऑईल होते, तेच राहिले. मजीदभाई चहा पिऊन परत आले, मी काठोकाठ भरलेला दिसलो. आपणच भरले असणार असे त्यांनी समजून घेतले आणि झाकण लावले. तीन माणसे दोन हातांच्या अंतरावर होती. एकाने घातले, एकाने घालायला सांगितले, एकाने झाकले. कोणी बघितले असे म्हणता येत नाही.

राजेंद्रांची मुलगी प्रेरणा त्या वेळी पेढे आणायला बाजारात गेली होती. ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते, म्हणजे संशय घेण्याचा तिला पगार मिळतो. गाडी चालवायला ती गावी ट्रॅक्टरवर शिकली, कडुबांकडे. उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना. रॅलीत तीच चालवणार होती, कारण राजेंद्रांना मागून दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढायचा होता. शेजारी कडुबा बसणार होते. त्यांना याच गाडीतून घृष्णेश्वराचे दर्शन घ्यायचे होते.

तिने रॅलीच्या आदल्या दिवशी, राजेंद्रांना शेजारी बसवून, गाडी गॅरेजपर्यंत नेली.

“मजीदचाचा, पेडल खाली जातंय.”

“हवा असंल, ताई. काढून देतो.”

“आत ऑईल कोणतं आहे?”

“जांभळं. पप्पांच्या पसंतीचं.”

“आणि आधी?”

“पिवळं.”

“मग धुतलं का मधे?”

मजीदभाईंनी राजेंद्रांकडे बघितले. राजेंद्रांनी माझ्या झाकणाकडे बघितले.

“प्रेरणा, रॅली होऊ दे,” ते म्हणाले. “मग सगळं खोलू.”

“आणि थांबली नाही तर?”

“चाळीसच्या वर जायचंच नाही कुठं. मिरवणूक आहे ती, शर्यत नाही. तुला चालवायची नसेल तर मी दुसरं कोणी बघतो.”

“मीच चालवते,” ती म्हणाली. दुसरे कोणी म्हणजे राजेंद्रांचा मंडळातला एखादा दोस्त, आणि त्याच्या शेजारी आबा बसले असते. मला वाटते, तिने हाच हिशेब केला.

मजीदभाईंनी हवा काढली. म्हणजे एकाने पेडल मारायचे आणि दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करून ऑईल थोडे थोडे बाहेर सोडायचे. हवा गेली. पण प्रत्येक दाबासरशी माझ्या तळाशी बसलेले पाणी नळीतून पुढे सरकत राहिले, आणि बाहेर पडण्याआधीच काम थांबले. ते पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकमध्ये जाऊन बसले. पेडल टणक लागू लागले. सगळ्यांना समाधान वाटले.

आता गोष्ट एवढीच उरली होती. घाटात ही मुलगी, तिच्या शेजारी तिचे आबा, आणि पुढच्या ब्रेकमध्ये पळीभर गोदावरी. हे मला माहीत होते. डब्याला तोंड असते, आवाज नसतो.

रविवारी सकाळी परीक्षकांनी टॉर्च लावून रंग बघितला. एकाने तारांच्या चाकात बोट घालून धूळ आहे का ते पाहिले. एकाने माझ्या झाकणात स्वतःची मिशी नीट केली. पेडल कोणी दाबून बघितले नाही. राजेंद्रांच्या गाडीला फीत मिळाली. ती बॉनेटवर बांधली, अर्थात खाली फडके ठेवून.

जाताना चढ जास्त, ब्रेकला काम कमी. वेरूळला दर्शन झाले. परतीला दौलताबादचा घाट उतरायचा होता. बॉनेट बंद असले की मला बाहेरचे दिसत नाही. पायाचा दाब कळतो आणि आवाज ऐकू येतात; बाकीचे मी नंतर ऐकले. पुढे शाळेच्या सहलीची बस होती, मुले ओरडत होती. बस हळू, म्हणून प्रेरणा सारखी पेडलवर. दाब, सोड, दाब. पुढच्या चाकांच्या, ब्रेक ज्यांना पकडतो त्या चकत्या तापल्या. पिवळे ऑईल असते तर ते पाणी सगळ्यात पसरून गेले असते आणि एवढ्या तापाला उकळले नसते. इथे ते निव्वळ पाणी होते. पाणी जसे चुलीवर उकळते तसे ते उकळले.

पुढच्या वेळी तिने पेडल दाबले तेव्हा ते जमिनीला टेकले. मी पूर्ण जोर लावला. तो सगळा जोर वाफेत गेला.

“आबा, ब्रेक गेले.”

कडुबा ओरडले नाहीत. “गिअरात हाय ना?”

“तिसऱ्यात.”

“मंग दुसऱ्यात घे. उसाची ट्रॉली हाय समज. मोकळी सोडू नको.”

क्लचचा पाय पडला. माझ्या शेजारी माझ्या भावाने, त्याच जुन्या, गढूळ, पिवळ्या ऑईलवर, जे करायचे ते केले. गिअर पडला, इंजिन किंचाळले, गाडी अडखळली. तिने हँडब्रेक ओढला. तो तारेवर चालतो, त्याला ऑईल लागत नाही, त्यामुळे त्याला कोणी सुधारले नव्हते. पण तो फक्त मागच्या चाकांचा, आणि उतार होता. पुढे बस वळणावर थांबलेली. वळणाच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसतात.

“आबा, हात आत घ्या,” प्रेरणा म्हणाली आणि तिने गाडी डोंगराकडच्या दगडी भिंतीला लावली. ठोकली नाही. लावली, आणि घासत नेली. सात हातांचा रंग निघताना जो आवाज येतो तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याआधी मला त्या रंगाचा काही उपयोग आहे असे वाटले नव्हते. त्या दिवशी तो थोडासा ब्रेक म्हणून कामी आला.

गाडी पहिल्या पाटीच्या अलीकडे थांबली. पाटीची मालकीण भागूबाई उठून आल्या. त्यांनी आधी आत वाकून दोघांना बघितले, मग गाडीला.

“लागलं का, बाबा?”

“न्हाय.”

“एवढी मोठी भिंत, दिसली न्हाय व्हय गं पोरी तुला?”

“दिसली म्हणून तर लावली, बाई,” कडुबा म्हणाले. “न्हायतर तुझी सीताफळं घ्यावी लागली असती.”

मागून राजेंद्रांची गाडी येऊन थांबली. दार उघडले, ते धावत आले. मी पावलांचा आवाज ऐकत होतो. पावले दाराशी थांबली नाहीत. ती भिंतीच्या बाजूला गेली. तिथे ते खाली बसले आणि त्यांनी निघालेल्या रंगावर हात ठेवला. फडक्याशिवाय.

“पप्पा,” प्रेरणा आतून म्हणाली, “आम्ही इकडं आहोत.”

बसमधली मुले अजून ओरडत होती.

गॅरेजमध्ये मजीदभाईंनी पुढच्या चाकाचा स्क्रू सोडून आतले सगळे काचेच्या बाटलीत काढले. बाटली थोडा वेळ बाकावर ठेवली. वर जांभळे, खाली स्वच्छ पाणी, मधे आखल्यासारखी रेघ. मजीदभाई म्हणाले, “पाणी? पाणी आलं कुठून?”

कडुबा पुढे वाकून बघत राहिले. “कायगावचं हाय ते,” ते म्हणाले. “म्या घातलं. खंडेनवमीला.”

“चाचा, उघडं मी ठेवलं होतं,” मजीदभाई म्हणाले. “आणि जांभळं नको हे मला म्हाईत होतं. वो भी मेरी गलती.”

राजेंद्र काय म्हणतील याची मला उत्सुकता होती. त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. “रंगाला मी वेगळं बोलतो. त्या डाव्या बाजूला परत सगळे हात...”

“रंग नाही,” प्रेरणा म्हणाली. तिने किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. “आधी नळ्या धुवायच्या, रबर नवे, दोन्ही डब्यांत पिवळं. मजीदचाचा, ते दुसरं झाकण पकड लावून उघडा, ओरखडा येऊ दे. आणि डावी बाजू आहे तशी राहील. मी चालवते तोवर राहील.”

“रॅलीत काय म्हणतील?”

“म्हणू देत. रंगाला काय झालं ते सगळे विचारतील. आम्हाला काय झालं ते तुम्ही अजून विचारलं नाही.”

हे जरा तिखट होते, पण मला त्यात काही चूक सापडली नाही.

या गोष्टीला वर्ष झाले. नळ्या धुतल्या, रबर बदलले, आम्हा दोघा भावांत पिवळे ऑईल आले. गाडीची डावी बाजू अजून उघड्या पत्र्याची आहे. मंडळाने या वर्षी फीत दिली नाही. परीक्षकांपैकी एकाने राजेंद्रांना हळहळून विचारले की एवढ्या सुंदर गाडीचे असे हाल का केले. त्याला पेडल दाबून बघावे असे याही वेळी सुचले नाही. या माणसांबद्दल माझे मत बदललेले नाही, आणि बदलेल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही सायकल असेल, गाडी असेल. तुम्ही ती पुसता, सजवता, तिला हार घालता. घाला. पण पुसण्याला काळजी म्हणू नका. काळजी म्हणजे तिच्या पोटात काय जाते हे वाचून, विचारून, वेळेवर घालणे, आणि जे चालत नाही ते घालू न देणे, समोर कोणीही असले तरी. हे काम कंटाळवाणे आहे. ते केल्याबद्दल कोणी तुम्हाला फीत देणार नाही. ज्यांना फीत हवी असते ते हे काम करत नाहीत, एवढे मी पुराव्यासह सांगू शकतो.

शेवटी या वर्षीच्या खंडेनवमीचे सांगतो; ती रॅलीच्या आधी झाली. कडुबा कायगावहून तांब्या घेऊन आले. प्रेरणाने बॉनेट उघडले, त्यांचा हात धरून रेडिएटरच्या तोंडापाशी नेला. “आबा, पाणी ह्याला.” मग तिने सीलबंद डबा फोडून त्यांच्या हातात दिला. “आणि ह्या दोघांना हे. जुनं सगळं काढलंय.”

“पळीनंच घालू ना?”

“पळीनंच घाला. नवी आहे, कोरडी पुसलीय.”

कडुबांनी आधी माझ्या भावाला दिले, मग मला. पळी काठाला लागली. एक थेंब काठावरून ओघळला आणि हिरव्या रंगावर पडला.

राजेंद्र शेजारीच उभे होते. त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. मग तो दुसऱ्या खिशात गेला आणि एक झाकण घेऊन बाहेर आला. त्यांच्याच कारखान्यातले, काळ्या प्लास्टिकचे, दिसायला सुमार. त्यावर उठावाची अक्षरे होती: कोणते ऑईल घालावे, आणि उघडण्याआधी पुसावे. याबद्दल ते घरात कोणाशी बोलले नव्हते.

त्यांनी आधी मला झाकण लावले. घट्ट फिरवून बघितले. थेंब पुसायला त्यानंतर घेतला.